करार युरोपशी, चर्चा कोणाशी?

८ मार्च २००३ रोजी भूमध्य समुद्रातील माल्टा या चिमुकल्या देशात मतदान झाले. युरोपीय संघात सामील व्हावे की न व्हावे, एवढाच प्रश्न मतदारांपुढे होता. त्या वेळी देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती. सत्ताधारी पक्ष सामील होण्याच्या बाजूचा, तर तेथील मजूर पक्ष विरोधात. दोन्ही बाजूंनी गावोगाव प्रचार झाला, आणि सुमारे ५४ टक्के मतदारांनी होकार दिला. १ मे २००४ रोजी माल्टा संघाचा सभासद झाला. तेव्हापासून माल्टी भाषा ही संघाची एक अधिकृत भाषा आहे.

२०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्याही चार लाखांच्याच घरात भरली. माल्टा हे सार्वभौम राष्ट्र आणि डहाणू हा पालघर जिल्ह्यातला एक तालुका. तेव्हा ही तुलना कायद्याच्या दृष्टीने टिकणारी नाही, हे उघड आहे. पण एक गोष्ट या तुलनेतून निश्चित सिद्ध होते. चार लाख सर्वसामान्य माणसे, त्यांत मच्छीमार, शेतकरी आणि गोदी कामगार, युरोपशी आपले नाते काय असावे या प्रश्नावर वाद घालू शकतात, मत बनवू शकतात आणि ते नोंदवूही शकतात. ही कुवत सार्वभौमत्वातून येत नाही. ती विचारले जाण्यातून येते. डहाणूला कोणी विचारले आहे काय?

युरोप आणि डहाणू

डहाणूचा आणि युरोपचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आजचा नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रे १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कृतींबरोबर त्यांची चित्रे लागली. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ साली तो ब्रिटनला रवाना झाल्याची बातमी सरकारने अभिमानाने दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून असा नियम लागू केला की, आयात होणाऱ्या सागरी मासळीबरोबर ती कायदेशीररीत्या पकडल्याचे प्रमाणपत्र असले पाहिजे. म्हणजे ब्रुसेल्समध्ये बसून केलेला नियम आपल्या किनाऱ्यावरील मासळीच्या लिलावापर्यंत येऊन पोहोचतो. आदिवासीच्या घराच्या भिंतीवरील चित्र युरोपात पोहोचते आणि युरोपचा कायदा मच्छीमाराच्या होडीपर्यंत पोहोचतो. मात्र त्या आदिवासीचे आणि त्या मच्छीमाराचे मत दिल्लीपर्यंतसुद्धा पोहोचत नाही.

अलीकडे हा संबंध फार मोठ्या प्रमाणावर वाढला आहे. ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत जी-२० परिषदेच्या वेळी भारत–मध्यपूर्व–युरोप आर्थिक मार्गिकेची घोषणा झाली. भारत, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि युरोपीय संघ यांनी त्या सामंजस्य करारावर सह्या केल्या. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आखातात जहाजाने, तेथून भूमध्य समुद्रापर्यंत रेल्वेने आणि पुढे पुन्हा जहाजाने युरोपात, असा हा मालवाहतुकीचा मार्ग आहे. पुढे १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणू तालुक्यातील वाढवण येथील बंदराला मंजुरी दिली, तेव्हाच्या सरकारी निवेदनात या मार्गिकेचा स्पष्ट उल्लेख होता. खर्च ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव. नऊ कंटेनर टर्मिनल. वर्षाला २९ कोटी ८० लाख टन मालाची क्षमता. आणि सुमारे १२ लाख लोकांना रोजगाराची शक्यता, असे आकडे त्यात होते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही झाली.

डहाणू रोड स्थानकावरून पहाटेच्या लोकलने मुंबईकडे निघणाऱ्या नोकरदाराला, किंवा धाकट्या डहाणूच्या मच्छीमाराला या मार्गिकेविषयी विचारले, तर बहुतेकांना तिचे नावही सांगता येणार नाही. हा दोष त्यांचा नाही. या मार्गिकेचे एक टोक आपल्या गावाजवळ येऊन टेकणार आहे, हे त्यांना कधी कोणी समजावून सांगितलेच नाही.

शेवटच्या पायरीवरची सुनावणी

यावर सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले आहे: लोकांना विचारले होते, जनसुनावणी झाली होती. ती झाली, हे खरे. १९ जानेवारी २०२४ रोजी वाढवण बंदराची जनसुनावणी झाली. पुढच्याच महिन्यात पर्यावरण मंजुरी मिळाली. परंतु जनसुनावणी म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

२००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ही सुनावणी घेते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे अध्यक्ष असतात. किमान तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. सभेला गणसंख्येची अट नाही. तेथे मतदान होत नाही. लोकांनी मांडलेल्या हरकती लिहून घेतल्या जातात, त्यांवर प्रकल्पाच्या मालकाचे उत्तर जोडले जाते आणि ते सारे तज्ज्ञ समितीकडे पाठविले जाते. शंभरातील नव्याण्णव माणसांनी विरोध केला तरी मंजुरी अडत नाही. शिवाय विषय ठरलेला असतो: या प्रकल्पाचे पर्यावरणावर कोणते परिणाम होतील. हा प्रकल्प मुळात कशासाठी, कोणत्या आंतरराष्ट्रीय योजनेचा तो भाग आहे, त्या योजनेत देशाचा लाभ किती, जोखीम किती आणि दुसरी जागा होती की नाही, या प्रश्नांचा निकाल सुनावणीच्या मंडपाबाहेर, फार आधी लागलेला असतो. लग्न ठरले, मुहूर्त निघाला, पत्रिका वाटल्या आणि मग मुलीला पसंती विचारली, तर त्या विचारण्याला जो अर्थ असतो, तोच या सुनावणीला आहे.

डहाणूच्या बाबतीत हे अधिक खुपते. कारण या तालुक्याला वेगळा इतिहास आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू हा पर्यावरणदृष्ट्या नाजूक तालुका ठरला आणि उद्योगांसाठीची जमीन ५०० एकरांपुरती मर्यादित झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. पी. अँड ओ. या बहुराष्ट्रीय जहाज कंपनीचा वाढवण बंदराचा प्रस्ताव तेव्हा या प्राधिकरणापुढे आला आणि १९९८ साली तो नाकारला गेला. त्याच जागेवरील नव्या प्रस्तावाला त्याच प्राधिकरणाने, बदललेल्या सभासदांनिशी, जुलै २०२३ मध्ये अटींसह ना हरकत दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या निर्णयाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. मग लढा सर्वोच्च न्यायालयात गेला. पाव शतकात नकाराचा होकार झाला. मधल्या काळात डहाणूचा समुद्र बदलला, की दिल्लीची गरज बदलली? या प्रश्नावर उघड चर्चा व्हायला हवी होती. ती न झाल्यामुळे “एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द” ही घोषणा तेवढी लोकांच्या हाती उरली. ज्याला चर्चेत जागा मिळत नाही, तो घोषणाच देणार.

येथे कायद्यातील एका पोकळीकडेही लक्ष वेधले पाहिजे. डहाणू आणि तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्यान्वये तेथे विकासकामांसाठी जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पातळीवरील पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. परंतु बंदराचा मुख्य भाग समुद्रात भराव घालून होणार असल्यामुळे त्यासाठी गावची जमीन लागत नाही, असे सांगितले जाते. रस्ता आणि लोहमार्ग यांपुरताच संपादनाचा प्रश्न उरतो. समुद्र कोणत्याच ग्रामसभेच्या हद्दीत येत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यात जाळी टाकून मांगेला आणि इतर मच्छीमार जगले, त्या पाण्याच्या बाबतीत त्यांना सल्ला देण्याचाही कायदेशीर अधिकार नाही. पापलेटला २०२३ साली राज्यमाशाचा मान मिळाला. तो पकडणाऱ्याला मात्र आपल्या समुद्राविषयी तेवढाही मान नाही. किनाऱ्यावरच्या वाढवण, वरोर, चिंचणी या गावांतील डायमेकिंगचा घरगुती धंदा आणि बागायती यांचे पुढे काय होणार, हाही प्रश्न त्यातच अडकलेला आहे.

करार करणारे हात

आंतरराष्ट्रीय करार करण्याचा अधिकार आपल्याकडे कार्यकारी मंडळाच्या हाती आहे. कराराच्या अंमलबजावणीसाठी नवा कायदा करावा लागला, तरच संसदेकडे जावे लागते. एरवी संसदेची संमती आवश्यक नाही. युरोपीय संघाशी व्यापार कराराच्या वाटाघाटी २००७ साली सुरू झाल्या, २०१३ मध्ये थंडावल्या, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि त्या पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये दिल्लीत झाली. त्याआधी स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या चार देशांच्या संघटनेशी १० मार्च २०२४ रोजी करार झाला आणि तो १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि दहा लाख रोजगार, हे त्याचे उद्दिष्ट सांगितले जाते.

या दुसऱ्या करारातील एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. स्वित्झर्लंडमध्ये असा करार संसदेने संमत केल्यावर १०० दिवसांत ५०,००० नागरिकांनी सह्या केल्या, तर तो सार्वमताला टाकावा लागतो. इंडोनेशियाशी झालेल्या कराराच्या वेळी असेच घडले. पामतेलाच्या लागवडीसाठी तिकडची जंगले तोडली जातात, हा मुद्दा घेऊन तेथील एका शेतकरी संघटनेने आणि इतर गटांनी सह्या जमवल्या. ७ मार्च २०२१ रोजी मतदान झाले आणि ५१.६ टक्के मतांनी करार जेमतेम संमत झाला. भारताशी झालेल्या कराराबाबतही स्विस नागरिकांना हाच हक्क होता; मतदानाची वेळ आली नाही, ही गोष्ट वेगळी. म्हणजे भारताशी करार करावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार जिनिव्हाच्या शेतकऱ्याला होता, आणि भारतीय शेतकऱ्याला नव्हता.

दुसरे उदाहरण बेल्जियमचे. युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्यातील व्यापार कराराला ऑक्टोबर २०१६ मध्ये वॉलोनिया या बेल्जियमच्या एका प्रांताच्या विधिमंडळाने अडविले. या प्रांताची लोकसंख्या सुमारे ३६ लाख. आपल्या पालघर जिल्ह्याची २०११ साली ३० लाखांच्या जवळपास होती. प्रांताचे मुख्यमंत्री पॉल माग्नेट हे समाजवादी पक्षाचे आणि राज्यशास्त्राचे प्राध्यापक. परदेशी गुंतवणूकदारांना सरकारविरुद्ध खास लवादाकडे जाता यावे, या तरतुदीला आणि शेतीविषयक काही कलमांना त्यांचा आक्षेप होता. युरोपच्या मोठमोठ्या राजधान्यांतून दडपण आले. तरी प्रांत दोन आठवडे अडून राहिला, कराराला स्पष्टीकरणे जोडली गेली आणि मगच ३० ऑक्टोबर रोजी सही झाली. करार मोडला नाही, तो सुधारला.

युरोपने शिकलेला धडा

याचा अर्थ युरोप हा लोकशाहीचा स्वर्ग आहे, असा कोणी घेऊ नये. पोलाद आणि कोळसा यांच्या १९५१ च्या करारापासून युरोपचे ऐक्य घडविले ते मुत्सद्द्यांनी आणि तज्ज्ञांनी. जनता गप्प आहे म्हणजे तिची संमती आहे, असे त्यांनी अर्धे शतक गृहीत धरले. ते गृहीत २००५ साली कोसळले. युरोपच्या नियोजित राज्यघटनेला २९ मे रोजी फ्रान्सच्या आणि १ जून रोजी नेदरलँड्सच्या मतदारांनी नकार दिला. फ्रान्समध्ये सुमारे ५५ टक्के, नेदरलँड्समध्ये सुमारे ६२ टक्के. ज्या दोन देशांनी संघाचा पाया घातला, त्यांच्याच नागरिकांनी हा दणका दिला. त्यानंतर ब्रुसेल्सला जाग आली. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने लोकशाही, संवाद आणि वादचर्चा यांचा कार्यक्रम जाहीर केला. २०१२ पासून किमान सात देशांतील दहा लाख नागरिकांच्या सह्यांनी आयोगापुढे प्रस्ताव मांडण्याचा हक्क मिळाला. पाणी हा मानवी हक्क आहे, या मागणीवर १६ लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि २०१३ साली पाणीपुरवठा खासगी कंत्राटांविषयीच्या नव्या कायद्यातून वगळला गेला. २०२१–२२ मध्ये चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ८०० सामान्य नागरिकांना बसवून युरोपच्या भवितव्यावर चर्चा घडविण्यात आली.

पण तेथेही विचारणे आणि ऐकणे यांत अंतर आहे. ५ जुलै २०१५ रोजी ग्रीसच्या जनतेने काटकसरीच्या अटी ६१ टक्के मतांनी नाकारल्या. आठवड्याभरात त्यांच्याच सरकारला तशाच कठोर अटी मान्य कराव्या लागल्या. ब्रिटनने २०१६ साली मतदान केले. परंतु चार दशकांत ज्या प्रश्नावर प्रामाणिक लोकशिक्षण कधी झाले नव्हते, त्यावर एका दिवसात होय की नाही एवढेच विचारले गेले आणि खोट्यानाट्या प्रचाराला रान मोकळे मिळाले. यावरून सार्वमत वाईट ठरत नाही. चर्चेवाचून घेतलेले मत हे कच्चे मत असते, एवढेच ठरते. आपल्याला हवी आहे ती आधीची चर्चा. मतदान हा तिचा शेवट.

तीन आक्षेप

सर्वसामान्य नागरिकांना या चर्चेत आणण्याविरुद्ध तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, त्यांना हे विषय समजत नाहीत. हा आक्षेप नवा नाही. १९४५ साली डहाणू–उंबरगावच्या वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा जमीनदारांचे आणि गोऱ्या साहेबांचे म्हणणे हेच होते की, या अडाणी लोकांना कोणीतरी फूस लावली आहे. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या त्या माणसांना अर्थशास्त्राची परिभाषा येत नव्हती; पण आपल्या श्रमाचे मोल कोण खातो, हे त्यांना बिनचूक कळत होते. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा भरल्या. बाराही ग्रामसभांनी विचारपूर्वक, कारणे देऊन बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. पामतेल आणि जंगल यांचा संबंध स्विस मतदाराला कळतो, तर भराव आणि बोंबील यांचा संबंध डहाणूच्या मच्छीमाराला कळणार नाही काय?

दुसरा आक्षेप विलंबाचा. चर्चा करीत बसलो तर जग पुढे जाईल, असे म्हणतात. रॉटरडॅमचे उदाहरण पाहावे. तेथेही समुद्रात भराव घालून बंदराचा मोठा विस्तार करायचा होता. जानेवारी २००५ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने दाखल झालेल्या हरकतींवर विचार करून त्या आराखड्याचे निर्णय रद्द केले. वाडन समुद्राकडे जाणाऱ्या माशांच्या पिलांवर काय परिणाम होईल, याचा पुरेसा अभ्यास नाही, हे त्यातील एक कारण होते. अभ्यास पुन्हा झाला, २००८ साली काम सुरू झाले आणि २०१३ साली विस्तारित बंदर खुले झाले. आता कोकणातले जैतापूर पाहावे. फ्रान्सच्या सहकार्याने होणाऱ्या अणुप्रकल्पाला २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरी मिळाली आणि आठवड्याभरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष दिल्लीत असताना करार झाला. स्थानिकांचा विरोध पोलिसी बळाने हाताळण्यात आला. १८ एप्रिल २०११ रोजी गोळीबारात एक तरुण मृत्युमुखी पडला. त्या अणुभट्ट्या अद्याप उभ्या राहिलेल्या नाहीत. विजेचा दर काय पडेल आणि अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्या घोड्याला अडवून बसले आहेत. आणि हेच प्रश्न मोकळ्या चर्चेत पहिल्याच दिवशी पुढे आले असते. चर्चा टाळून वेळ वाचला कोठे?

तिसरा आक्षेप राष्ट्रहिताचा. वाटाघाटी चालू असताना सारे उघड केले, तर देशाची बाजू दुबळी होते, असे सांगितले जाते. वाटाघाटीच्या खोलीतील प्रत्येक शब्द चव्हाट्यावर आणा, असे कोणी म्हणत नाही. आपण काय मिळवू पाहतो आणि त्याबदल्यात काय देऊ शकत नाही, याची दिशा मात्र लोकांसमोर ठरली पाहिजे. ज्या सरकारच्या पाठीशी जागृत लोकमत असते, ते वाटाघाटीत अधिक ताठ उभे राहते. वॉलोनियाने हेच दाखवून दिले.

भाषेचा प्रश्न

या साऱ्याच्या मुळाशी भाषेचा प्रश्न आहे. युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषा आहेत आणि नागरिकाने त्यांपैकी कोणत्याही भाषेत पत्र लिहिले, तर त्याच भाषेत उत्तर मिळण्याचा त्याला हक्क आहे. माल्टी भाषा बोलणारे जेमतेम पाच लाख. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, म्हणजे जवळपास जर्मनीच्या लोकसंख्येइतके. पण प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालाचा फक्त सारांश मराठीत द्यावा, एवढीच आपल्या अधिसूचनेची अपेक्षा. मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीतच असतो. २०२० साली या अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत द्यावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सरकारला सांगावे लागले. आणि सरकार त्या आदेशाविरुद्ध अपिलात गेले! लोकांना त्यांच्या भाषेत कागद देणे हे ज्या सरकारला संकट वाटते, त्याने लोकसहभागाच्या गोष्टी सांगू नयेत. राममनोहर लोहिया यांनी लोकभाषांचा आग्रह धरला, तो भाषाप्रेमापोटी नव्हता. इंग्रजीची भिंत उभी असेपर्यंत राज्यकारभार मूठभरांच्याच हाती राहतो, हे त्यांचे निदान आजही तंतोतंत लागू पडते. आणि डहाणू–तलासरीत मराठीने तरी काम कोठे संपते? अनेक पाड्यांवर घरात वारली बोलली जाते, किनाऱ्यावर काही ठिकाणी गुजराती. पुस्तकी मराठीतले पत्रक तेथे अर्धेच पोहोचते.

कार्यकर्त्यांचे काम

सरकारकडे मागण्या स्पष्ट असाव्यात. ज्या आंतरराष्ट्रीय कराराचा किंवा मार्गिकेचा परिणाम ठराविक जिल्ह्यांवर होणार आहे, त्याचा मसुदा सही होण्यापूर्वी संसदेपुढे आणि संबंधित राज्याच्या विधिमंडळापुढे चर्चेला आला पाहिजे. त्याचे सुबोध मराठी टिपण ग्रामपंचायतींना आधी मिळाले पाहिजे. आणि किनाऱ्यावरील प्रकल्पांसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ग्रामसभेइतकाच विचारविनिमयाचा हक्क कायद्याने मिळाला पाहिजे. समुद्राला ग्रामसभा नाही, ही पोकळी अशी भरून काढता येईल. विचारल्यावर उत्तर जाहीर करण्याचे बंधनही हवे. २१ सप्टेंबर २००८ रोजी रायगड जिल्ह्यातील पेण परिसरातल्या २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर सरकारनेच शेतकऱ्यांचा कौल घेतला होता. देशात अशा प्रकारचा तो बहुधा पहिलाच प्रयोग. शेतकरी रांगा लावून आले. पण सरकारने निकाल कधी अधिकृतपणे जाहीर केला नाही. लोकांना विचारून उत्तर खिशात घालणे हा न विचारण्याहून मोठा अपमान आहे.

पण सरकारवर सारा भार टाकून मोकळे होणे बरे नव्हे. परराष्ट्र धोरणाविषयी समाजवादी चळवळीचीही सवय तपासून पाहण्यासारखी आहे. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, प्रतिनिधी गाडीची वेळ पाहत असताना, परराष्ट्र धोरणाचा ठराव वाचला जातो आणि टाळ्यांच्या गजरात संमत होतो. त्याचा मसुदा चार अभ्यासू मंडळींनी केलेला असतो. तो ठराव तालुक्याला, गावाला, पाड्याला कधी जात नाही. युरोपच्या मुत्सद्द्यांनी २००५ पर्यंत जी चूक केली, तीच चूक लहान प्रमाणात येथेही होते. लोकांना न विचारता लोकांच्या वतीने बोलणाऱ्यांत पुरोगामी मंडळीही असतात.

म्हणून प्रारंभ घरापासून व्हावा. डहाणू, बोर्डी, चिंचणी, तलासरी येथे अभ्यासवर्ग घ्यावेत. युरोपशी झालेल्या करारांतील मासळी, फळे आणि औषधे यांच्या तरतुदी शिक्षकांनी आणि प्राध्यापकांनी सोप्या मराठीत उतरवाव्यात, आणि स्थानिक तरुणांनी त्या वारलीत सांगाव्यात. बंदराच्या बाजूचे लोकही चर्चेला बोलवावेत. रोजगाराच्या आशेने बंदराकडे पाहणारा तलासरीचा बेकार तरुण हा काही शत्रू नव्हे. त्याचा प्रश्न खरा आहे. सांगितल्या गेलेल्या १२ लाख रोजगारांपैकी त्याच्या वाट्याला किती, कोणत्या कामाचे आणि किती वर्षांसाठी, हे त्यानेच उभे राहून विचारले पाहिजे. त्याने आणि वाढवणच्या मच्छीमाराने एका सतरंजीवर बसून एकमेकांचे ऐकले, तर दोघांच्याही मागण्या बदलतील. दिल्लीला आणि ब्रुसेल्सला वेगवेगळ्या सुरांत ऐकू येणारा त्यांचा आवाज मग एका जागेवरून येईल.

बंदराचे काम सुरू झाले, आता चर्चेचा काय उपयोग, असे काहीजण म्हणतील. बंदर एका वर्षात पुरे होत नाही आणि करारही एकदाच होत नाहीत. भरावासाठी डोंगर कोठला फोडायचा, मच्छीमारांना भरपाई कोणत्या हिशेबाने, बंदरावरच्या नोकऱ्यांत स्थानिकांचा वाटा किती, गाळ आणि मासळी यांवर देखरेख कोणाची, हे निर्णय अजून वर्षानुवर्षे होत राहणार आहेत. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यांपैकी एक तरी विषय लेखी द्यावा. ग्रामसेवक तो घेणार नाही, तर त्याचे कारणही लेखीच मागावे.